राजाबाई भुईला काय म्हणायची

सुकन्या सकाळपासून धास्तावली होती, आणि ते काही परीक्षेमुळं नव्हतं. पीएच.डी.ची तोंडी परीक्षा काय, आज ना उद्या पार पडलीच असती. धास्ती होती ती शेवटच्या बाकावर मुंडासं सावरत बसलेल्या बापाची. करकंबकडं चरायला नेलेली मेंढरं भावकीवर टाकून धुळाआबा सोलापूरला आला होता, तो एवढंच ऐकायला की त्याची बायको राजाबाई भुईशी काय बोलायची.

त्याचं असं, की रानातला मेंढरांचा तळ उठला की आबा मेंढरं घेऊन पुढं जायचा. आई मागं राहून घोड्यावर बिऱ्हाड लादायची, चुलीची जागा झाडायची आणि वाकून भुईला हात लावून पुटपुटायची, "मालकीणबाई, पाय लागले, राग धरू नको." परक्याचं रान ते, दुसरं काय म्हणणार? ऐकायला जवळ सुकन्या एकटीच. आईला जाऊन दोन वर्षं झाली, आणि तेव्हापासून आबाचा फोनवर एकच धोशा.

"पोरी, भुईला कोन काय म्हनतं त्येचंच पुस्तक लिवतीस न्हवं? मग राजाचं घातलंस का?"

"घातलंय की, आबा."

कसलं घातलंय! घातलं होतं, पण मार्गदर्शक अनिलकुमार सरांनी त्यावर लाल रेघ मारली. "घरगुती आठवणीला संदर्भ काय देणार, बाई?" मग राहिले ते छापील पुस्तकांतले. भुईला काळी आई म्हणणारे, तिला हिरवा शालू नेसवणारे, दुष्काळ पडला की तिचं कुंकू पुसणारे. सातबाऱ्यावर नाव असलं की माणसाला नाती बरी सुचतात! भाड्याच्या खोलीत पाच वर्षं एकटीनं राहून लिहिलेल्या चारशे पानांत भुईला मालकीण म्हणणारं एकही माणूस उरलं नव्हतं.

बाहेरून आलेले परीक्षक भला माणूस. सगळं आटोपल्यावर त्यांनी हसून विचारलं, "तुम्ही मेंढपाळ घरातल्या ना? तुमच्या घरी जमिनीला काय म्हणतात?"

चालून आलेली संधी हो! पण अनिलकुमार सरांची मान वर झाली आणि सुकन्येचा धीर सुटला.

"आई," ती म्हणाली. "आईच म्हणतात, सर."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पेढे वाटले, 'डॉक्टर, डॉक्टर' म्हणून हाका झाल्या. ती मात्र आबाच्या नजरेला नजर द्यायची टाळत राहिली. शेवटी एसटी स्टँडवर त्याला सोडायला गेली, तेव्हा कुठं तो बोलला.

"म्हंजे राजा आई म्हनायची व्हय!" त्यानं मुंडाशाच्या शेवानं डोळे पुसले. "मला वाटायचं, कायबाय मंतर म्हनती. इचारलं की नुसती हसायची, सांगायची न्हाय. लई बरं झालं, कळलं. आता तळ उठवताना मीबी म्हनीन. तिच्यामागं म्हनायला कुनी ऱ्हायलंच न्हवतं की."

"आबा, ते..."

"काय गं?"

आई गेल्यापासून त्याचा चेहरा असा कधी फुलला नव्हता. सुकन्येला ते मोडवेना.

"काही नाही. खिडकीची जागा धरा."

गाडी फाटकाबाहेर पडली. राजाबाईचे खरे शब्द आता उभ्या जगात एकट्या सुकन्येला ठाऊक होते. आणि ते ज्याला सांगायचे, तो माणूस दुसराच शब्द घोकत करकंबला चालला होता.