सगळे निरोप एकदम

माझ्या बायकोला, बाळाबाईला, लिहिता येत नव्हते, आणि मला तेव्हा वाचता येत नव्हते. मी मेंढरे घेऊन लांब गेलो की ती फोनमध्ये आवाज भरून निरोप पाठवायची. कोणती मेंढी व्याली, विहिरीला पाणी किती आहे, अवं जेवलात का. मागच्या साली ती गेली. मेंढरे विकून मी सोलापुरात लेकाकडे राहायला आलो, तेव्हा तो फोन तेवढा जपून आणला.

आता त्याची बॅटरी फुगली होती. तो कधीही बंद पडायचा. माझी नात राजनंदिनी कॉलेजात कॉम्प्युटर शिकते, पहिलेच वर्ष. ती म्हणाली, "आबा, आजीचे निरोप कॉम्प्युटरवर घेऊ. मी प्रोग्राम लिहिलाय."

एक निरोप उचलायचा, कॉम्प्युटरवर कोणत्या नंबरची जागा रिकामी आहे ते बघायचे, तिथे ठेवायचा, आणि फोन गच्च भरलेला म्हणून त्यातला पुसायचा, असा तो प्रोग्राम होता. तिने आधी स्वतःची गाणी एकेक नेऊन बघितली. नीट गेली. मग माझा फोन जोडला, तर तो सुरू होता होताच दोनदा विझला.

"एकेक नेत बसलो तर मधेच मरंल हा," ती म्हणाली. "सगळे एकदम नेता येतात. कालच शिकवलंय, पण मी करून बघितलं नाही अजून."

"सोड की एकदम," मी म्हणालो. "सांजच्याला कळप आला की आमी समदी कोकरं एकदमच सोडतो. एक तरी चुकतंय व्हय? ज्याला त्याला आपली आई वळकू येती."

"कोकरं हुशार असतात आबा. माझ्या प्रोग्रामचं सांगता येत नाही," ती हसली आणि तिने बटण दाबले.

क्षणात झाले. कॉम्प्युटरवर एकच निरोप दिसत होता. फोन रिकामा.

तिने कॉम्प्युटर आणि फोन दोन्ही पुन्हा तपासले. मग तिने मला समजावून सांगितले. सगळे निरोप एकाच वेळी निघाले. प्रत्येकाने बघितले, पहिला नंबर रिकामा आहे. सगळे तिथेच जाऊन बसले, एकावर एक. शेवटी आला तो राहिला, खालचे पुसले गेले.

"मी थांबायला पाहिजे होतं," ती रडायला लागली.

"सोड म्हणलं ते मी, पोरी."

दुसऱ्या दिवशी नव्या पेठेतल्या एका दुकानदाराने फोन उघडून बघितला. त्यातून काही निघाले नाही.

उरलेला निरोप एवढाच होता: "अवं, वाऱ्यानं तुमास्नी काय बी ऐकू जायचं न्हाई. ठेवते."

"बाकीच्यात आजी काय म्हणायची?" राजनंदिनीने विचारले.

मला सगळे पाठ होते. मी सांगू लागलो, "अवं, तांबडी मेंढी लंगडतीया. पाल्याचा शेक दिलाय. तुमी घोर करू नगा..." ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिने आपला फोन माझ्या तोंडापुढे धरला. त्यात माझा घोगरा आवाज भरला जात होता.

मी बोलायचे थांबलो आणि फोन हाताने बाजूला केला. "ह्यो तिचा आवाज न्हाई, पोरी."