तळाशी बसलेलं भूत

विणकामाच्या घरापुढे सकाळपासून रांग लागली होती. बावीस बायका, बावीसही जणींची डोकी ठणकणारी. समोर सामासोनी वैदू बसलेला, राजधानी अपियाहून बोटीने आलेला, गळ्यात डुकराच्या सुळ्यांची माळ. तो फार गोड बोलायचा आणि खरं तर संशय तिथेच यायला हवा होता.

"झऱ्याची बाई तुमच्या डोक्यावर बसलीय," तो एकेकीचं डोकं दोन्ही हातांत धरून सांगत होता. "तिच्या वाटणीचा केवडा तोडलात ना? आता तिला उठवायची तर हेच पाणी. नुसता झाडपाला आहे, गोळीबिळी नाही. बाटली सात वेळा हलवायची आणि लगेच प्यायची. ठेवलीत तर भूत तळाशी जाऊन बसेल."

अर्ध्या-पाऊण तासात ठणका थांबायचा, हे मात्र खरं. फिलोमेनाच्या कपाळावरची आठी गेली आणि ती कितीतरी दिवसांनी हसली. तिची मुलगी मासिना गावच्या शाळेत शिकवायची. तिनेसुद्धा त्या पहिल्या दिवशी मनातल्या मनात सामासोनीचे आभार मानले. आई कण्हायची थांबली की शिकलेल्या माणसाचीही अक्कल गहाण पडते.

सामासोनी गावातच मुक्कामाला राहिला आणि तीन महिन्यांत आठवड्याची बाटली रोजची झाली. फिलोमेना पहाटे उठायची तीच डोकं धरून. पुढ्यातला तारोचा उकडलेला कंद तसाच निवायचा.

"आई, औषध घेऊन दुखणं वाढतंय कसं?"

"बाई चिवट आहे."

"कुठली, झऱ्यातली की माझ्यासमोरची?"

"शाळेतल्या पोरांना शिकव. मला नको."

डोकी दुखायला कारण होतं आणि ते मासिनाला रोज दिसत होतं. नव्या चर्चच्या उद्घाटनासाठी मोठी चटई विणायला घेतली होती. केवड्याच्या दोऱ्यासारख्या बारीक पाती वाऱ्याने वाळून तुटतात, म्हणून भिंतींच्या जागी टांगलेले झावळ्यांचे झाप दिवसभर खाली सोडलेले. आत काळोख आणि कोंदट उकाडा, माना वाकलेल्या, डोळे पातीला चिकटलेले. त्यात बायकांच्या मंडळाचा नियम असा की आपली ओळ पुरी झाल्याशिवाय उठायचं नाही. पाणी प्यायलं की उठावं लागतं, म्हणून बायका पाणीच पीत नसत.

मंडळाची अध्यक्ष आसेनाती हिच्यापुढे मासिनाने हे सगळं मांडलं.

"आमच्या आज्या अशाच विणायच्या," आसेनाती म्हणाली. "त्यांना डोकी नव्हती वाटतं?"

"होती की. दुखतही असतील."

"मग त्या बोलल्या नाहीत. तूही बोलू नकोस."

त्या रविवारी चर्चची घंटा लवकर झाली. फिलोमेनाने पेल्यात ओतलेलं पाणी तसंच फळीवर राहिलं. प्रार्थना झाली, जेवणं झाली आणि मासिनाने पेला उचलला. वर हिरवट, स्वच्छ पाणी. तळाशी बोटभर पांढरा गाळ आणि त्यात चांदीसारखा चमकणारा एक कपटा. गोळीच्या पाकिटाचा. तिने गाळ जिभेला लावला. कडू जहर.

सोमवारी जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तो गाळ आणि कपटा तपासून मासिनाला सांगितलं, "डोकेदुखीच्या गोळ्याच कुटून घातल्यात. रोज घेतल्या की मग त्या गोळ्याच डोकं दुखवायला लागतात. तुझ्या आईचं रक्त तपासायला आण, यकृताला धोका असतो. आणि ते पाणी आजच बंद."

"मग दुखेल तेव्हा काय देऊ?"

"पाणी, उजेड, झोप. सुरुवातीला दुखणं वाढेल. दोन-तीन आठवडे सोसायला लागेल. दुसरा उपाय माझ्याकडे नाही."

मंगळवारी मासिनाने विणकामघरातल्या सगळ्या बाटल्या एका ओळीत मांडल्या आणि तासभर कुणाला हात लावू दिला नाही. सगळ्यांच्या तळाशी भूत बसलं, पांढरं.

"समुद्राचं मीठ आहे ते," सामासोनी म्हणाला.

"मग एक चमचा खाऊन दाखवा."

त्याने खाल्लं नाही. दुपारच्या बोटीने तो गेला. जाताना कुणी त्याला शिवी दिली नाही. आसेनातीने मासिनाला एवढंच विचारलं, "उद्या डोकं दुखलं तर कुणाकडे जायचं गं?"

दुखणं आलं की ते कुणी केलं, असं विचारू नये. कशाने झालं, ते विचारावं. आणि कुणीही दिलेलं पाणी तासभर ठेवून बघावं. हे सांगणं सोपं आहे. मासिनाने ते सांगितलं, पाती ओल्या फडक्यात ठेवून झाप गुंडाळायला लावले, आसेनातीकडून तासाला उठायचा नियम करून घेतला. रक्ताच्या तपासणीत आईचं यकृत शाबूत निघालं. डोकं मात्र ठणकतच राहिलं.

नवव्या दिवशी फिलोमेना घरातल्या चटईवर गडबडा लोळली. "दे गं एक घोट. गोळी तर गोळी, मला चालेल."

"नाही आई."

"तो लबाड होता, कळलं मला. पण त्याने माझं डोकं तरी हातात घेतलं. तू नुसती बाटली घेतलीस."

मासिनाला रडू आलं. तिने आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि कानशिलं दाबत बसली. दुखणं थांबलं नाही. पण फिलोमेनाने पुन्हा पाणी मागितलं नाही.