पीस हललं

"हललं! पीस हललं!"

कोरीव लाकडी पडद्याच्या जाळीला नाकं चिकटवून उभ्या असलेल्या गर्दीतून एकच हुंदका उठला. पुढच्यांनी गुडघे टेकले. मागच्यांना काही दिसलंच नव्हतं, म्हणून ते जास्त मोठ्यानं रडले.

पडद्यापलीकडे, वेदीच्या उजव्या हाताला, भिंतीतल्या दगडी कमानीत एक बाळ ठेवलं होतं. काल मेलेलंच जन्मलेलं. त्याच्या ओठांवर हंसाचं इवलंसं पीस होतं, आणि ते थरथरत होतं.

"बघा, बघा रे एल्सवर्बीकरांनो!" हॅमो गरजला. हा हॅमो पापांच्या माफीची क्षमापत्रं विकत गावोगाव हिंडायचा. गेले काही महिने मात्र तो इथंच मुक्काम ठोकून होता, आणि आसपासच्या गावांतलीही मेलेली बाळं त्याच्यापुढे यायची. बाळंतिणींची पाठराखीण संत मार्गारेट हिचा खराखुरा कंबरपट्टा आपल्याकडे आहे असं सांगायचा. "माझ्या मार्गारेटमाईनं स्वतःला गिळणाऱ्या अजगराचं पोट फाडलं, तिला मरणाचं पोट फाडायला कितीसा वेळ? फादर, पाणी आणा! घाई करा, माई फार थांबत नाही. तिला पुढच्या गावीही जायचंय!"

म्हाताऱ्या फादर ऑस्बर्टनी लगबगीनं पाणी शिंपडून बाप्तिस्मा दिला, नाव ठेवलं ऑस्विन. हॅमोनं बाळाशेजारी बाजूला सारलेला पट्टा पुन्हा नीट अंथरला. पीस निजलं.

"गेला! थेट स्वर्गात गेला!" हॅमो ओरडला.

बाळाची आई आयडोनिया तिथंच कोसळली. तिला सावरलं तिच्या आईनं, गनोरानं. गनोरा गावची सुईण. हे बाळ तिच्याच हातांनी बाहेर आलं होतं. तिनं त्याला उलटं धरून थापट्या मारल्या होत्या, तोंडात फुंकर घातली होती. धुगधुगी असती तर सुईणीलाही पाणी शिंपडून बाप्तिस्मा देण्याचा अधिकार होता. धुगधुगी नव्हती. "एक श्वास घेतला होता हो," असं म्हटलं असतं तर कोण तपासायला येणार होतं? पण गनोरा खोटं बोलली नाही.

आणि पाण्याविना गेलेल्या बाळाला चर्चच्या आवारात जागा नव्हती. त्याला उत्तरेच्या भिंतीबाहेर, खाजऱ्या झुडपांत पुरायचं. स्वर्गातही त्याला दार नाही, असं फादर सांगत.

म्हणून पीस हललं तेव्हा गनोरानं खाली पाहिलं. जे मनापासून हवं असतं, त्याच्याकडे माणूस फार निरखून बघत नाही.

ऑस्विनला आवारात, उन्हाच्या बाजूला जागा मिळाली.

आठ दिवसांनी आयडोनिया घरात दिसेना. गनोराला ती थडग्यावर सापडली. हात कोपरापर्यंत मातीत.

"काय करतेस, पोरी?"

"आई, तो श्वास घेत होता."

"आयडोनिया, ऊठ."

"अख्ख्या गावानं पाहिलं. तो श्वास घेत होता आणि आपण त्याला पुरलं! मला अजून दूध येतंय, आई. हॅमो म्हणाला गेला, आणि मी विचारलंसुद्धा नाही, की बाबा रे, खरंच गेला का? खाली तो रडला असेल तर?"

"अगं, तो माझ्या हातात आला तोच मेलेला."

"मग पीस कसं हललं?"

लेकीच्या नखांतली माती काढता काढता गनोरानं ठरवलं, आता बघायचं.

पुढच्या रविवारी शेजारच्या गावचं मेलेलं बाळ आलं. पडद्याच्या आत बाळ न्यायचा मान सुईणीचा. गनोरानं ते कमानीत ठेवलं आणि या वेळी डोळे उघडे ठेवले.

श्वासानं पीस उचलतं आणि खाली बसतं, हे तिनं शेकडो वेळा पाहिलेलं. हे पीस बसतच नव्हतं. दोरीवरच्या कपड्यासारखं एका बाजूनं फडफडत होतं. बाळाचा भिंतीकडचा गाल कोमट, दुसरा गार. आणि पट्टा सरकला होता तिथं बोटभर भोक. ते भोक तर ती लहानपणापासून बघत होती! प्रार्थनेनंतर फादर तिथंच द्राक्षारसाचा पेला धुवायचे, पाणी भिंतीतल्या नळीनं मातीत जायचं. पण गेल्या वर्षी भिंतीपलीकडे फादरांचे झगे ठेवायची खोली बांधली, तेव्हा नळीचं दुसरं तोंड त्या खोलीत उघडं पडलं होतं.

सगळे प्रार्थनेत असताना ती त्या खोलीत डोकावली. नळीच्या तोंडाशी निखाऱ्यांनी भरलेलं मडकं टेकवून ठेवलं होतं; त्याची ऊन हवा नळीतून वर, थेट कमानीत जात होती.

घरी येऊन ती चुलीपुढे बसली. सांगितलं तर नातवाची जागा जाणार. न सांगितलं तर लेक जाणार.

त्यापुढच्या रविवारी गनोरा स्वतःच एक गाठोडं घेऊन आली.

"कुणाचं?" हॅमोनं विचारलं.

"रानापलीकडच्या बाईचं. तोंड झाकूनच राहू द्या, बघवत नाही."

"माईला सगळी लेकरं सुंदरच!" हॅमोनं कापडावरच पीस ठेवलं, डोळे वर फिरवले, पट्टा सरकवला. पीस थरथरलं. पडद्यापलीकडे रडारड झाली. फादरनी पाण्यात हात बुडवला.

"थांबा, फादर. नाव काय ठेवताय?"

"मुलगा की मुलगी?"

"राय," म्हणत गनोरानं कापड उलगडलं. आत राय नावाच्या धान्याच्या पिठाचा काळपट पाव होता.

"भोकावर हात धरा, फादर," ती म्हणाली. फादरनी धरला, आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. तोवर हॅमो बाजूच्या दारानं पसार झाला होता. पट्टा मात्र विसरला नाही.

नियम म्हणजे नियम. अशी आवारात पुरलेली अकरा बाळं बाहेर काढायची ठरली. एव्हिस नावाच्या एका आईनं गनोराच्या तोंडावर थुंकून विचारलं, "कुणी मागितलं होतं तुझं शहाणपण? माझं लेकरू स्वर्गात होतं. तू त्याला खाली ओढलंस!"

गनोरानं तोंड पुसलं नाही.

भिंतीबाहेर, झुडपं तोडून केलेल्या जागेत आयडोनिया पेटी कवटाळून उभी होती. "आई, म्हणजे मी त्याला जिवंत नाही पुरलं?"

"नाही गं, पोरी. त्याला काही कळलंच नाही. तो रडला नाही, तुझी वाट बघितली नाही."

तेव्हा कुठं आयडोनिया पोट धरून, मोठ्यानं, आईसारखी रडली. गनोरा इतर बायांकडे वळली.

"थुंका माझ्यावर, चालेल. पण बायांनो, आपल्याला रडू येतंय म्हणून कुणी काहीही दाखवलं तर खरं मानू नका. हात लावून बघा, मागच्या खोलीत जाऊन बघा. आणि फादर, ही भिंत कुणी बांधली?"

"माझ्या आधीच्यांनी."

"म्हणजे माणसांनीच. कुणाचं काही न बिघडवलेलं लेकरू भिंतीबाहेर, हेही माणसांनीच ठरवलं असणार. मी अडाणी, मला नका विचारू. पण विचारा. कुणाला तरी विचारा."

अकरा खड्डे खणायचे होते. गनोरानं फावडं उचललं.