लाल बटण परत डबीत

बसा असे, चहा निवू द्या. धुळ्यातल्या एका डबीची गोष्ट सांगतो. लहानशीच आहे, पण घरी गेल्यावरही कानात खुळखुळत राहील.

डबी म्हणजे काय, गोळ्यांची रिकामी, झाकणाला तडा गेलेली; आणि आत चार बटणं, तीन पांढरी, एक लाल. पांढरी स्नेहलनं नवऱ्याच्या, समाधानच्या, जुन्या शर्टाची काढलेली. लाल तेवढं लेकीच्या, मयुरीच्या, फ्रॉकचं. स्नेहलची तलाठी भरतीची परीक्षा तोंडावर आली आणि संभाव्यता काही डोक्यात बसेना. क्लासचे सर म्हणाले होते, हातानं करून बघा, डोकं मागून येईल. म्हणून आज रविवारी दुपारी ती ही डबी हलवते, न बघता एक काढते, परत टाकते... पुस्तकातला प्रश्न समोर. 'लाल निघाले, ते परत डबीत टाकले. पुन्हा लाल निघण्याची संभाव्यता किती?' काल तिनं शून्यावर खूण केली होती. परवाही शून्यावरच. मागच्या पानावरचं उत्तर मात्र — चारात एक.

चारात एक... हे ऐकलेलं होतं. सरकारी दवाखान्यात, मयुरी दोन वर्षांची असताना, हातपाय सुजून पोर किंचाळायची तेव्हा. नर्सबाईनं टेबलावर दोन पिवळी कार्डं ठेवली, एक तिचं, एक समाधानचं. आणि मधे लाल, मयुरीचं. सिकलसेल, रक्तातला आजार. तुम्हा दोघांच्या रक्तात अर्धा-अर्धा आहे ताई, म्हणून तुमच्या पोरांत चारात एकाला होऊ शकतो. सासूनं, द्रौपदाबाईनं, तेवढंच धरलं. चारात एक ना? तो एक आला! आता तीन धड. आणि स्नेहल मनात म्हणते, मलाही ते किती गोड लागलं होतं — चार वर्षं तेच उशाला घेऊन झोपले मी.

आता तिला पुन्हा दिवस गेलेत, तिसरा महिना चालू. नर्सबाई म्हणाली होती, सोमवारी सकाळी या, मोठ्या दवाखान्यात पाठवते, बाळाला आहे की नाही ते आताच कळतं. सोमवार उद्या. समाधान म्हणतो, आई गरज नाही म्हणते, मग कशाला पोटात सुई टोचून घ्यायची?

"मम्मी, मी काढू?" मयुरीनं हात घातला. बोटं आज जराशी सुजलेलीच. काढलं — लाल.

द्रौपदाबाई शेजारी लसूण सोलत होती. तिनं ते बटण उचललं आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं.

"हाई निंघी गयं. आते काढ कितलंबी, बठ्ठं धवळंच."

"आत्याबाई, सगळं पांढरंच कसं निघेल? ते परत टाकावं लागतं."

"कोन सांगस?"

"पुस्तक."

"पुस्तकले काय पोरेसोरे शेतस? पहिले पास व्हय, मंग माले शिकाड!"

मयुरी हसली, स्नेहलही हसली, आणि हसता हसताच तिची नजर पदराच्या गाठीवर थांबली. ती गाठ — बटण असं पदरात बांधता येतं, बाजूला काढता येतं. रक्तातलं कुणी काढलं? मयुरी झाली म्हणून ते संपलं कुठं, माझ्यात होतं तेवढंच आहे, त्याच्यात होतं तेवढंच... ज्या दिवशी हे दुसरं राहिलं त्या दिवशी डबीत पुन्हा चारही बटणं होती. आणि हात घालूनही झालाय. एक उचलून मूठ मिटलीय, तिसरा महिना, मिटलेलीच आहे, इथं, माझ्यात — फक्त उघडून कुणी बघितलेली नाही.

तिनं शून्यावरची खूण खोडली.

"आत्याबाई, द्या ना ते बटण."

"राहू दे," म्हातारी म्हणाली. आता ती हसत नव्हती. लसणाचा हात तसाच गाठीवर घट्ट दाबून बसली होती, आणि नजर मयुरीच्या बोटांवर. स्नेहलच्या मनात आलं, हिलाही ठाऊक आहे की काय... मग तिला आणखीच भीती वाटली. तिनं डबी हलवली. तीनच बटणं, आवाज पोकळ.

तर असं आहे. तुम्ही चार बुकं शिकलेली माणसं. उद्या सकाळच्या आत म्हातारीला कुणीतरी समजावायला हवं, आणि पुस्तकाचं ती ऐकत नाही. तेवढं एक करा माझं — ती पदराची गाठ सोडेल असं, तिच्याच बोलीतलं, एक वाक्य मला सांगा.