पळण्याआधीची पेज

मित्रांनो, मी एक जुना पितळी गंज आहे. तुमच्याकडे मला पातेलं म्हणत असतील. आमच्या भंडारा जिल्ह्यात मी गंजच, आणि त्याच नावाला मी ओ देतो.

भंडारा शहरातल्या कासारांच्या आळीत माझा जन्म झाला. पितळेचा पत्रा भट्टीत तापला, त्यावर हातोडीचे ठोके बसले आणि हळूहळू मला पोट आलं. त्या ठोक्यांच्या खुणा अजून अंगावर आहेत. चुलीचा उजेड पडला की त्या माशाच्या खवल्यांसारख्या दिसतात. शेवटी कासाराने मला आतून कल्हई केली, म्हणजे कथलाचा पातळ पांढरा थर चढवला. तो थर नसेल तर पितळेत अन्न कळकतं, खाणाऱ्याला बाधतं.

"आगीवर जाच्या आधी याच्या पोटात एवढं पाहिजेच," कासार गिऱ्हाइकाला सांगत होता. "जाड नाई लागत. पातळच, पन पाहिजे."

गिऱ्हाईक होते करडी गावचे देवाजी. त्यांनी मला कापडात गुंडाळलं आणि घरी आणलं.

त्या घरी माझं काम एकच होतं. धानाच्या रोवणीचे दिवस आले की पहाटे माझ्यात पेज शिजायची. तांदूळ थोडे, पाणी भरपूर, चवीला मीठ. दाणा फुटून पाण्यात मिसळेपर्यंत मी निखाऱ्यांवर बसून राहायचो. माझं बूड जाड, त्यामुळे पेज करपायची नाही आणि उतूही जायची नाही. घरच्या आणि शेजारच्या बाया वाटी-वाटी पेज पिऊन निघायच्या. देवाजींची बांधी, म्हणजे धानाचं शेत, गावच्या तलावापलीकडे, लांब होती. चालत तिथं पोचेपर्यंत पोटातली पेज शांत व्हायची. मग त्या दुपारपर्यंत कमरेत वाकून चिखलात रोपं रोवायच्या. भरल्या पोटाने वाकता येत नाही आणि रिकाम्या पोटाने पुन्हा उठता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर कोणी बोलत नसे. देवाजींची सून रुखमिणी नवी नवरी म्हणून आली, तेव्हा तीही पहिल्या रोवणीला माझ्यातलीच पेज प्यायली.

पुढे घरात कुकर आला, स्टीलची भांडी आली. मला कोणी टाकून दिलं नाही. फक्त एके दिवशी गोठ्यात नेऊन ठेवलं.

गोठ्यात देवाजींचे पटाचे बैल होते. आमच्याकडे बैलजोड्यांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. मधली काही वर्षं पट बंद होते, ते पुन्हा भरू लागले तसा म्हाताऱ्या देवाजींना हुरूप आला. माझ्यात बैलांसाठी हरभरे भिजू लागले. माझी कल्हई उडाली होती, पण बैल तक्रार करत नाहीत. मीही केली नाही.

देवाजींचा एक नेम होता. पटाच्या सकाळी बैलांना चारा नाही. "भरला बैल पाय उचलत नाई," ते म्हणायचे. त्यांच्या जोडीने लाखनीकडच्या एका पटात बक्षीस मारलं होतं, त्यामुळे त्यांचा शब्द घरात खाली पडत नसे.

आता टीनाची गोष्ट. टीना ही रुखमिणीची मुलगी. बारावी झाल्यावर तिने पोलीस भरतीचं मनावर घेतलं. मुलींना आठशे मीटर पळावं लागतं, आणि मैदानात मागे पडलं की पुढचा पेपर कितीही येत असो, उपयोग नाही. तिचे बाबा श्रावण यांनी तिला सांगितलं होतं, "या वर्षीची भरती पाहून घे. नाई झालं तं मंग तुह्या लग्नाचं पाहू." आवाज रागाचा नव्हता. म्हणूनच टीनाला त्याची भीती वाटली.

ती आणि भरतीचीच तयारी करणारी शेजारची गुड्डी रोज पहाटे तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पळायला जाऊ लागल्या. देवाजी गोठ्याच्या दाराशी बसून पाहायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी टीनाला अडवलं.

"काही खाल्लं तं नाई ना वो?"

"फक्त बिस्कुट, आबाजी."

"बिस्कुट बी नाई. पटाचा बैल सकाळी रिकामा पाहिजे. वजन कायले वाहून नेतं?"

टीनाने ऐकलं. बक्षीस मारलेल्या माणसाचा सल्ला होता तो. ती पाणी पिऊन पळू लागली. पहिला फेरा झकास जायचा, दुसऱ्यात पाय जड व्हायचे. तिला वाटलं, आपणच कमी पडतो. मग एका सकाळी गुड्डी एकटीच धावत अंगणात आली.

"काकू! टीना पाळीवर बसून हाये. डोळ्यापुढं अंधारी आली म्हनते!"

रुखमिणी हातातलं पीठ तसंच घेऊन पळाली. टीनाला घरी आणलं, गुळाचं पाणी दिलं. पोरीच्या तोंडाला जरा रंग आला तेव्हा रुखमिणी सासऱ्यांकडे वळली. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात, आणि त्यांच्यापुढे सून सहसा आवाज चढवत नाही. तिने चढवला नाहीच. पदर सारखा केला आणि म्हणाली,

"मामाजी, बैल रातभर कालचा चारा रवंथ करते जी. माही पोरगी करते का?"

देवाजी बैलाकडे पाहत राहिले. बैल त्या वेळी रवंथच करत होता.

पण मित्रांनो, माया आली की माणूस एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जातो. दुसऱ्या दिवसापासून रुखमिणीने पोरीला भरवायला घेतलं. उकडलेली अंडी, तुपाचा शिरा, मोठा ग्लासभर दूध, वरून भिजवलेले बदाम. "खाय, खाय. ताकद येते." टीना खायची आणि उठून लगेच पळायला जायची. चौथ्या की पाचव्या दिवशी पाळीच्या मधोमध तिच्या कुशीत चमक भरली, ती वाकली आणि ओकारीबरोबर सगळा शिरा तलावात गेला.

"बाप्पा, मासोळ्याइची दिवाळी झाली," गुड्डी म्हणाली.

टीना हसली नाही. घरी येऊन भिंतीला टेकून बसली. "आई, मी सोडून देऊ का? उपाशी गेली तं चक्कर येते, खाऊन गेली तं वकारी येते. बाबाले सांग, पाहा म्हनाव लग्नाचं."

रुखमिणी तिच्या शेजारी बसली. बराच वेळ तिने पोरीच्या पोटरीवरून हात फिरवला. पोटरी दगडासारखी झाली होती. तो हात मधेच थांबला. कदाचित तिला स्वतःच्या पोटऱ्या आठवल्या असतील, रोवणीतल्या. ती उठून सरळ गोठ्यात आली आणि मला उचललं. हरभरे टोपल्यात ओतले.

"हे काय करून राहिली?" देवाजींनी विचारलं. "बैलाचं भांडं पोरीले?"

"मंग पोरीले बैलाचा नेम चालते, अन् भांडं नाई चालत?"

देवाजी हसले. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी तसं हसलं. मग त्यांनीच माझ्या आत वाकून पाहिलं, बोट फिरवलं. "अशात नको शिजवू. कळकल." आंधळगावच्या बाजारात कल्हईवाला बसतो, तिथं ते मला स्वतः पिशवीत घालून घेऊन गेले. भाता फुंकला, मी तापलो, नवसागराचा पांढरा धूर उठला आणि कथलाचा थर माझ्या आत पसरला. जुन्या कासाराचे शब्द मला आठवले. जाड नाही लागत, पातळच. पण पाहिजे.

टीनाने पेज पाहून नाक मुरडलं. "भरतीवाल्या पोरी प्रोटीन पावडर खातात, अन् मी पेज पिऊ? गुड्डी काय म्हनन?"

"गुड्डी काय म्हनते ते गुड्डीच्या घरी. तू पी."

रुखमिणीने पेजेत गुळाचा खडा टाकला होता, सोबत अर्धं केळं. तूप नाही, तळलेलं नाही. अंडी आणि दूध पळून आल्यावर. पण खरी युक्ती पुढची होती. पेज पिऊन लगेच पळायला जायचं नाही. आधी अंगण झाडायचं, सडा घालायचा, नळाचं पाणी भरायचं, आणि मगच बुटाची नाडी बांधायची. पूर्वी बायांना बांधीपर्यंत चालायला जो वेळ लागायचा, तो रुखमिणीने असा अंगणात आणून ठेवला होता.

"पेजेच्या नावाखाली काम करून घेऊन राहिली," टीना कुरकुरली. तरी ऐकलं. पहिल्या आठवड्यात फार फरक पडला नाही. एकदा पेज जास्त झाली, एकदा घट्ट. मग तिचं पोट आणि पेज यांची ओळख पटली. दुसऱ्या फेऱ्यात पाय जड होईनासे झाले. आता ती पळून आल्यावर भिंतीला टेकत नसे, थेट स्वयंपाकघरात येऊन झाकणं उघडत असे.

भरतीचा दिवस उजाडला. मैदान भंडाऱ्याला. मी चुलीजवळचा, मी ते पाहिलं नाही. निघताना जे घडलं ते पाहिलं, आणि परतल्यावर जे बोलणं झालं ते ऐकलं.

निघताना टीनाने दोन घोट घेतले आणि वाटी खाली ठेवली. रुखमिणी म्हणाली, "सगळी नको पिऊ. अर्धी पी. आज नवीन काही खाऊ नको फक्त. रोजचंच खाय." पिशवीत तिने केळं आणि थोडे मुरमुरे-गूळ बांधून दिले. श्रावण गाडी काढून उभे होते. दाराशी देवाजी होते. ते फक्त म्हणाले, "पानी घोट घोट पिजो वो माय."

मैदानावर नंबर लवकर आला नाही. ऊन चढलं. कितीतरी मुली घरून उपाशी आल्या होत्या, त्या सावली शोधू लागल्या. गुड्डीने भीतीपोटी हातगाडीवरचे गरम आलूबोंडे खाल्ले. टीनाने पिशवीतलं केळं खाल्लं आणि बाबांच्या सावलीत बसून राहिली.

संध्याकाळी दोघी अंगणात आल्या. गुड्डी कूस धरून, लंगडत. "काकू, आलूबोंड्यानं मारलं मले. पूर्ण पळाली, पन मांगं राहिली," ती म्हणाली आणि हसता हसता रडली. रुखमिणीने तिला जवळ घेतलं आणि तिच्या डोक्यावरून टीनाकडे पाहिलं. विचारायची हिंमत तिला झाली नाही.

उत्तर श्रावण यांनी दिलं. "पहिल्या घोळक्यात आली तुही पोरगी. शेवटच्या वळनावर तं मलेच दम लागला, तिले नाई."

टीना सरळ माझ्याकडे आली. तळाशी सकाळची पेज वाळून पापुद्रा झाली होती. तिने तो बोटाने खरवडला आणि खाल्ला.

पुढे ती लेखी परीक्षेतही निभावली. आता ती प्रशिक्षणाला गेली आहे. लग्नाचा विषय श्रावण काढत नाहीत. टीना गेली त्या दिवशी मला वाटलं, चला, पुन्हा गोठा. मला त्याचं दुःख नव्हतं. भांड्याने कामापुरतं असावं.

पण दुसऱ्या पहाटे अजून झुंजुमुंजू असताना दार वाजलं. बूट हातात घेऊन गुड्डी उभी होती.

"काकू, पेज हाये का?"

"हाये. पन आधी अंगन झाडा लागन."

"मले मालूम हाये," म्हणत तिने खराटा उचलला.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. पळायला, खेळायला, कष्टाला निघालेल्या कोणालाही रिकामं पाठवू नका, आणि मायेपोटी गच्च भरूनही पाठवू नका. हलकं काही द्या, आणि ते पोटात बसायला थोडा वेळ द्या. तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं भांडं गोठ्यात नाहीतर माळ्यावर पडलं असेल, तर त्याच्या आत एकदा बोट फिरवून पाहा. आगीवर आम्ही कितीही वेळ बसू. तेवढा आतला पातळ थर मात्र कोणीतरी आधी लावून द्यावा लागतो.