मोठ्याने सांगितलेले आकडे

माणसं अकरा होती, वहीतली पानं सतरा, आणि खिडकीबाहेरच्या ढिगात कोळसा उरला होता तो नऊ दिवसांचा. तो जळून संपला की बडोद्याजवळच्या छाणीच्या या कारखान्यातला जुना बॉयलर थंड होणार आणि विजेवरचा नवा सुरू होणार. प्रशिक्षणाच्या यादीत ज्याचं नाव नाही, त्याला दहाव्या दिवशी काम नाही.

यादीत यायचं तर रंग ओळखता यायला हवेत. नव्या खोलीतल्या तारा रंगांवरूनच ओळखायच्या होत्या. तपासणीला आलेल्या इराच्या वहीत पानोपानी रंगीत ठिपके होते, ठिपक्यांत दडलेला एकेक आकडा. सकाळपासून दहा जण पास झाले होते. दहाही जणांनी आकडे अक्षरशः ओरडून सांगितले. बॉयलरच्या आवाजात जन्म गेलेला, हळू बोलायची सवय राहिली नसेल, असं इराला वाटलं.

अकरावे जनार्दन साळवी. पन्नाशी उलटलेली, शर्टाची कडक इस्त्री.

"इरा गुप्ते? म्हणजे आपल्यातलीच की! बडोद्याचीच ना?"

"हो काका. दांडिया बाजार."

"मग घरचीच परीक्षा. चाल, काढ वही."

"बारा," ते म्हणाले. "आठ. एकोणतीस. पाच." एकाही पानावर त्यांची नजर ठरत नव्हती. इराने पुढचं पान उलटलं.

"तीन."

इराने खाली पाहिलं. समोर पंधरा होता. दमटपणाने दोन पानं चिकटून एकदम उलटली गेली होती. तीनचा आकडा मधल्या पानावर राहिला होता. तिने नखाने पानं सोडवली. दाराबाहेर कुणीतरी उगीचच खाकरलं.

"पान चुकलं का, बेटा?"

"दोन चिकटली होती."

जनार्दननी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"माझ्या जोडीला काम करणाऱ्या लक्ष्मणने सगळ्यांना दम भरला होता, बोंबलून सांगा म्हणून. माझ्यासाठी. तू त्यांच्यावर रागावू नकोस."

"मग इतकी वर्षं जाळ कसा ओळखलात, काका?"

"उजेडावरून. आवाजावरून. अठ्ठावीस वर्षांत रंग कुणी विचारलाच नाही." ते जरा पुढे झुकले. "तारांना नंबर लावले तर? नंबर मी विसरत नाही. आत्ताच बघितलंस ना?"

इराला हसू आलं. मग तिने फोन उचलला. यादी करणाऱ्या अनीशभाईंना तिने नंबरांचं सगळं नीट समजावलं.

"आयडिया सरस छे, बेन," फोनमधला आवाज जनार्दननाही ऐकू येत होता. "पण फॉर्ममध्ये तसा रकाना नथी. लिस्ट आज बंद करायची आहे."

तिने फोन ठेवला. पेन फॉर्मवर टेकलं आणि तिथेच थांबलं. शाईचा बारीक ठिपका पसरू लागला.

"पास लिहू नकोस हं," जनार्दन म्हणाले. "उद्या भलतीच तार हातात आली, तर बाजूला लक्ष्मणच उभा असणार."

इराने वही शेवटाकडून उघडली. आता ते प्रत्येक पानावर थांबत होते. बोट ठिपक्यांवरून फिरवत, डोळे बारीक करत, मान वाकडी करून बघत होते. एक पान त्यांनी खिडकीजवळ नेऊनही पाहिलं. सगळ्यात शेवटी पहिलं पान आलं. ते सगळ्यांनाच दिसतं, नमुन्यासाठी असतं.

"बारा," जनार्दन हळूच म्हणाले.

इराने लिहिलं: पानं सतरा, बरोबर एक.