पाऊण तास

कपाळाला पट्टा बांधून कामाला बसलेला माणूस कसा दिसतो, ते हितेशला पहिल्याच दिवशी कळलं. यार्डातले ड्रायव्हर खिडकीशी गोळा झाले. "डोकंबिकं फुटलं काय रे?" एकाने विचारलंही. हितेश हसला. हसण्यावारी नेण्याशिवाय बिचारा करणार तरी काय?

न्हावा शेव्याहून आलेल्या कंटेनरांचे नंबर कॉम्प्युटरवर चढवायचे, एवढंच त्याचं काम. सात वर्षांत एक आकडा चुकला नव्हता, पण या वर्षात चुकांचा नुसता सपाटा लागला. टायरच्या जागी साखर नाशिकला जाऊन पोचली. "आता एक चूक, की घरी बसायचं," अवधूत साहेबांनी बजावलं. २०१७ साल ते, मोबाईलवरून वाट्टेल ते मागवता यायला लागलं होतं. बायकोने, कीर्तीने, मोठ्या आशेने हा पट्टा मागवला. लक्ष जागेवर असलं की मोबाईलवर हिरवी रेघ, भरकटलं की कपाळावर गुरगुर.

लक्ष कुठे जातं, हे हितेशला पक्कं ठाऊक होतं. सांगायची मात्र छाती होत नव्हती.

त्याची आई मैना उरणला खाडीच्या चिखलात शिंपल्या वेचायची. पाण्याचं गणित तिला तोंडपाठ होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, त्यातून सहा तास वजा केले की ओहोटी संपून पाणी उलटं फिरायची वेळ. तरी चिखलात उतरण्याआधी ती वेळ घरातल्या पुरुषाच्या तोंडून ऐकायची, हा त्यांच्या घरचा रिवाज. वडील काशिराम गेल्यावर तो मान हितेशकडे आला, आणि आई रोज संध्याकाळी फोन करू लागली.

वर्षापूर्वीच्या त्या संध्याकाळी हितेश नंबर चढवत होता. "उद्या पानी कवा फिरतंय रं?" आईने विचारलं. आज बीज, म्हणजे उद्या तीज. समोरच्या कॅलेंडरकडे मान वर करून बघायचीही त्याने तसदी घेतली नाही. "सव्वाआठ," तो म्हणाला.

बीज लागोपाठ दोन दिवस होती. पाणी साडेसातलाच फिरलं. मोतीबिंदूने अधू झालेली आई मुलाच्या शब्दावर विसंबून खाली वाकून वेचत राहिली, आणि पाठीमागचा ओढा भरला. सापडली तेव्हा टोपली कमरेलाच बांधलेली होती. म्हातारीची नजर गेली होती, वेळ चुकली बिचारीची, असं लोक म्हणाले. हितेशने ते तसंच राहू दिलं. त्या गप्प बसण्याची त्याला स्वतःचीच किळस यायची.

पट्ट्याच्या चौथ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. तीन नंबर चुकले होते, तिन्ही साडेदहा ते सव्वाअकराच्या दरम्यान. "बघू तुझं ते यंत्र काय म्हणतं," म्हणत त्यांनी त्याचा मोबाईल ओढून घेतला. त्या सगळ्या वेळात हिरवी रेघ जरासुद्धा हलली नव्हती.

"पट्टा बिघडलाय, आणि तूही," साहेब म्हणाले. "उद्यापासून येऊ नको."

पट्टा चांगला धडधाकट होता. त्या वेळात हितेश बीज आणि तीज, पाऊणपट आणि सहा तास, हेच गणित पुन्हा पुन्हा मांडत होता. जन्मात कशावर लावलं नसेल इतकं लक्ष त्याने त्यावर लावलं होतं. कशावर लागलंय, याच्याशी यंत्राला काय देणंघेणं?

करंजाड्याच्या घरी कीर्तीने सगळं ऐकून घेतलं आणि पट्टा खोक्यात भरून ठेवला. "जाऊ द्या ओ, दुसरं काम भेटंल," ती म्हणाली. "उद्या बीज, आयचं वर्षश्राद्ध हाय. खाडीवर फुलं सोडून येऊ. पानी कवा फिरतंय उद्या? तुमीच सांगा, घरातल्या मानसानं सांगायचं असतं ना?"

कॅलेंडर बघायची गरजच नव्हती.

"साडेसात," हितेश म्हणाला, आणि मटकन खाली बसून ओक्साबोक्शी रडू लागला.

कीर्तीला वाटलं, नोकरीचंच दुःख. ती शेजारी टेकली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

"रडू नका ओ," ती म्हणाली. "तुमचा काय दोष हाय त्यात?"